आज मच्छे

फ्रीजमधली कुपी काढून
मी अर्धा तास बनियनच्या आत ठेवतो.
थंड औषध आत जाताना जास्त झोंबतं,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.
प्रांजलनंच सांगितलं, सहा वर्षांची असताना,
दात आवळून, भिंतीकडं बघत.
तेव्हापासनं माझं जेवण होईपर्यंत
कुपी माझ्या छातीशी.

उद्यमबागेत मी लोखंड ओततो.
लॅडल तिरका करायचा तो हळू, एका धारेत.
घाई केली की कास्टिंगमध्ये फुगे राहतात
आणि सुपरवायझर तो तुकडा बाजूला फेकतो.
हिला दर तीन आठवड्यांनी रक्त चढतं.
रक्त संपतं, त्यातलं लोखंड मात्र
अंगातच बसून राहतं, काळजात, यकृतात.
ते काढायला हा पंप, साबणाच्या वडीएवढा,
आठवड्यातनं पाच रात्री, दहा-दहा तास.
डॉक्टरनी हे समजावलं तेव्हा
मी माझ्या नखांतली काळी रेघ बघत बसलो होतो.

एकदा कारखान्यातलं लोहचुंबक आणलं खेळायला.
तिनं ते पोटावर धरून बघितलं.
चिकटलं नाही.
"डॉक्टर खोटं सांगतात पप्पा," म्हणाली, आणि हसली.
मला हसायला एक दिवस लागला.

आता बधिर करायचा मलम तासभर आधी लावतो.
हिच्या आईनं वडगावच्या मागवाल्यांकडनं
उरलेला जरीकाठ आणून पंपाला पिशवी शिवली,
पट्टा लांब, कूस बदलली तरी नळी ताणत नाही.
सकाळी गाठ आली की कोमट फडकं.
इतकं साधं,
पण शिकायला पाच वर्षं गेली.

जागा रोज बदलायची असते.
तो हिशेब प्रांजलकडं.
बेंबी म्हणजे देसूर, आपलं गाव,
तिथं आणि आसपास टोचायचं नाही.
उजवीकडं मच्छे, त्याच्या पुढं पिरनवाडी.
डाव्या मांडीवर उद्यमबाग.
उजव्या मांडीवर गोवावेस, तिथं मांस कमी,
तिथली बस नको म्हणते.
"आज कुठं?"
"पिरनवाडी अजून सुजलंय. आज मच्छे."

गेल्या मंगळवारी माझा हात थांबला.
चिमटीत कातडी धरली होती,
पण घट्टे पडलेल्या बोटांना
किती आली ते कळेना.
तिनं माझ्या हातातनं सुई घेतली.
"तू सरक की. थरथरालास."
अकरा वर्षांची. जीभ ओठाच्या कोपऱ्यात,
भूमितीचा कंपास धरताना असते तशी.
घातली.
"साकु," असं स्वतःलाच म्हणाली,
शेजारची नीलव्वा दूध मापून घेताना म्हणते तसं.
मग चिकटपट्टी. मग पंपाची कळ.
मी रिकामा हात घेऊन बसून राहिलो.
थोडा राग आला होता, कुणाचा ते माहीत नाही.

रात्री पंप अधूनमधून कुरकुरतो,
तांदळाच्या डब्यात किडा फिरावा तसा.
तो वाजत असला की मला झोप लागते,
थांबला की जाग येते.
सकाळी मोरीतनं हाक:
"पप्पा, आज गंज चांगला गेला!"
लघवी विटकरी लाल. आम्ही तिघंही खूश.
दुसऱ्या कुठल्या घराची सकाळ
एवढ्यावर चांगली होत असेल?

सातच्या बसमध्ये दांडी धरून उभा होतो.
कंडक्टर ओरडला, "मच्छे इळियोरु!"
दोघं-तिघं उतरले, एक म्हातारी चढली.
माझा हात आपोआप
शर्टावरनं बेंबीच्या उजवीकडं गेला,
आणि बस हलेपर्यंत तिथंच होता.